मेल्ड गुण: कसा काढावा, कसा वाचावा

गडचांदूरच्या रुग्णाला यकृत प्रत्यारोपणासाठी चंद्रपूरमार्गे नागपूर गाठावे लागते. तिकडे कधी निघायचे हे ठरवायला यकृताचा आजार किती गंभीर आहे हे दाखवणाऱ्या मेल्ड गुणाचा मोठा आधार होतो, आणि तो रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांतूनच निघतो.

लागणारे आकडे: एकूण बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन आणि सोडियम. चारही एकाच दिवशीच्या रक्ताचे हवेत.

कृती

1. रिपोर्टवर बिलिरुबिनच्या तीन ओळी असतात. त्यांतली ‘टोटल’ची घ्या. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर आयएनआर त्या गोळीनेच वाढलेला असतो. हे डॉक्टरांना आधी सांगा.

2. बिलिरुबिन, आयएनआर किंवा क्रिएटिनिन 1 पेक्षा कमी असेल तर 1 धरा. क्रिएटिनिन 4 च्या वर गेले तरी 4 च धरा. आठवड्यात दोनदा डायलिसिस झाले असेल तरीही 4.

3. मोबाइल आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ हे बटण दिसते. बिलिरुबिनच्या एलएनला 3.78 ने, आयएनआरच्या एलएनला 11.2 ने आणि क्रिएटिनिनच्या एलएनला 9.57 ने गुणा. तिन्हींची बेरीज करून त्यात 6.43 मिळवा. उदाहरणार्थ, बिलिरुबिन 4, आयएनआर 1.8, क्रिएटिनिन 1.5 असेल तर 5.24 + 6.58 + 3.88 + 6.43 = 22.13, म्हणजे 22.

4. गुण 11 च्या वर असेल तर सोडियमही धरा. ते 137 मधून वजा करा (सोडियम 125 ते 137 याच मर्यादेत धरायचे). 130 असेल तर फरक 7. आता 7 × 1.32 = 9.24 मिळवा आणि 7 × 22.13 × 0.033 = 5.11 वजा करा. उत्तर 26. सोडियम धरल्यावर तोच रुग्ण चार गुणांनी वर गेला.

5. गुण 6 ते 40 असतो. प्रत्यारोपण झाले नाही तर पुढच्या तीन महिन्यांत जिवाला किती धोका आहे, हे तो सांगतो. 15 किंवा त्याहून जास्त आला तर प्रत्यारोपण केंद्रात दाखवायला वेळ लावू नका. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी किंवा भ्रम असेल तर गुण कमी असला तरी थांबू नका. अंगावर मांस न उरलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन मुळात कमी येते, म्हणून त्याचा गुण खऱ्या धोक्यापेक्षा कमी दिसतो.

6. मेंदूमृत दात्याचे यकृत हवे असेल तर प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावा.

7. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण वाचेल का, हे मेल्डला विचारू नका. ते दात्याच्या यकृतावर, रुग्णाचे वय, हृदय आणि पोषण यांवरही ठरते. अतिदक्षता विभागात त्यासाठी सोफा गुण वापरतात: फुप्फुसे, प्लेटलेट, यकृत, रक्तदाब, मेंदू आणि मूत्रपिंडे यांना प्रत्येकी 0 ते 4, एकूण 24. पहिल्या दिवशी जुन्या आजाराने बिलिरुबिन चढलेले आणि प्लेटलेट उतरलेले असतात, भुलीमुळे शुद्धही नीट तपासता येत नाही. त्यामुळे पहिला आकडा मोठा दिसला तरी त्यावरून निष्कर्ष काढू नका. ‘कालच्यापेक्षा गुण उतरला की चढला, आणि कोणत्या अवयवामुळे?’ हे डॉक्टरांना रोज विचारा.