आठवड्याला दोनशेच तर आहेत!

अगं, तुझा एवढा लांबलचक निरोप वाचला. आधी कुकर, मग मिक्सर, मग दोन डबल बेडशीट आणि आता खुर्च्या. हप्त्यांची चार कार्डं झाली, आणि रविवारी सकाळी खाली हप्तेवाल्याची मोटारसायकल थांबली की तुझ्या पोटात गोळा येतो. आधी पाणी पी बघू. तू काही वेडी नाहीस आणि उधळीही नाहीस. करंजाड्यात भाड्याचं घर, डिपॉझिटमध्ये गेलेली सगळी गंगाजळी, नवऱ्याचा पगार तळोज्याच्या कंपनीत ठेकेदाराच्या हातून, कधी सात तारखेला तर कधी पंधराला. एकरकमी तीन हजार हातात येतच नाहीत, दोनशे मात्र येतात. हप्तेवाल्याला हे तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो कधी किंमत सांगत नाही. हप्ता सांगतो.

आता उठ आणि ते मिक्सरचं कार्ड घेऊन ये. नीट बघ. वर तुझं नाव, खोली नंबर, ‘मिक्सर’ असा एक शब्द. खाली तारखा, रक्कम, आणि समोर त्याची ती मुंगीच्या पायासारखी सही. एकूण किती द्यायचे, हे कुठे लिहिलंय का? नाही ना? तेच तर. ते आपणच लिहायचं असतं.

चल, मी तुझ्याबरोबर बसून मांडते. तू सुरुवातीला पाचशे दिलेस आणि आठवड्याला दोनशेप्रमाणे वीस आठवडे ठरलेत. म्हणजे पाचशे अधिक चार हजार, साडेचार हजार. तोच मिक्सर पनवेल गावात, कापड बाजाराकडच्या एखाद्या दुकानात थोडी घासाघीस करून रोख तीन हजाराला मिळाला असता असं धर. दीड हजार जास्त गेले. तू म्हणशील, ताई, हजार-दीड हजार जास्त गेले तर गेले, वस्तू तर लगेच मिळाली. थांब. खरी मेख पुढेच आहे. त्याने तुला उधार दिले किती? तीन हजाराच्या वस्तूतले पाचशे तू लगेच दिलेस, म्हणजे अडीच हजार. त्यावर दीड हजार जास्त, तेही पाच महिन्यांच्या आत. आणि अडीच हजार तुझ्याकडे वीस आठवडे राहिलेच नाहीत, दर रविवारी त्यातले थोडे परत जात होते. हे सगळं धरून हिशेब केला की व्याज निघतं आठवड्याला जवळजवळ पाच टक्के. महिन्याला नाही बरं का, आठवड्याला! वर्षाचं धरलं तर अडीचशे टक्क्यांच्या वर.

गिरणगावातले कामगार सावकाराच्या विळख्यात होते असं आपण ऐकत आलो. त्या काळातल्या शाही कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात लिहून ठेवलंय, की रुपयाला महिन्याला एक आणा हा दर सर्रास चालायचा. वर्षाचे पंचाहत्तर टक्के. तेव्हा तो दर ऐकून साहेब लोक हादरले होते, आणि आपण त्याच्या तिपटीहून जास्त देऊन वर त्याला चहाही विचारतो.

बरं, तो खोटं बोलला का? तर नाही. तो खोका फिरवून दाखवतो, ‘वहिनी, कंपनीनेच साडेचार हजार छापलेत, मी वर एक रुपया घेत नाही.’ छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला कायद्याने बंदीच आहे, म्हणून तो घेतही नाही. पण मिक्सर, पंखे, इस्त्री या वस्तू छापील किमतीला विकत घेतं कोण? बाजारात त्या किमतीवर भरपूर सूट असते. ती सूट सोडून देणं, हेच तुझं व्याज. ते व्याज म्हणून कुठे दिसत नाही, एवढाच फरक. आणि उधारीवर घेणारी बाई भावात घासाघीस करत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. कशी करणार? तिला वाटतं, हा आपल्यावर उपकारच करतोय.

खरं सांगू का, ही उपकाराची भावनाच जास्त महाग पडते. परळ-लालबागच्या खानावळवाल्या बायकांचं हेच व्हायचं. गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालायचं, पैसे पगाराला मिळणार, तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य. वाणी लावेल तो भाव, देईल तो तांदूळ. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन राहायला लावलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. रोख पैसे हातात आल्यावर बायका वाण्याला भाव विचारायला लागल्या. ‘हा तांदूळ नको, तो दाखवा,’ एवढं एक वाक्य बोलता येणं किती मोठं असतं, हे उधारीवर जगलेल्या बाईलाच कळेल.

मला उपदेश करायचा अधिकार आहे म्हणून बोलते हं. माझ्या माळ्यावर हप्त्यावर घेतलेल्या डिनर सेटचे उरलेसुरले वाडगे अजून आहेत. हप्ते संपायच्या आत अर्ध्या प्लेटा फुटल्या होत्या. सासूबाई त्यांना ‘सोन्याचे वाडगे’ म्हणतात, आणि पाहुणे आले की मुद्दाम मागतात.

तू विचारलंस, याला सावकारीचा कायदा लागत नाही का? बघ, महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम 2014 चा आहे. परवाना लागतो, शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. पण हा म्हणणार, मी कर्ज देतच नाही, वस्तू विकतो. त्या भांडणात पडून तुझ्या हाती लगेच काही लागणार नाही. हां, उद्या तो म्हणाला, ‘वहिनी, नड असेल तर पाच हजार रोख देतो, हप्त्यातच वळते करू,’ तर तिथे मात्र सावध हो. ती सरळसरळ सावकारी. विनापरवाना असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. आणि काही झालं तरी आधार कार्ड, रेशन कार्ड, सही केलेला कोरा चेक त्याच्या हातात ठेवायचा नाही. झेरॉक्ससुद्धा नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. विलायतेत ब्राइटहाउस नावाची दुकानांची साखळीच होती, आठवड्याच्या हप्त्यावर टीव्ही नि वॉशिंग मशीन देणारी. शेवटी तिथल्या सरकारी नियामकाने एप्रिल 2019 पासून बंधन घातलं, की वरचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होता कामा नये. मार्च 2020 मध्ये ती साखळी बुडाली. व्याज मुद्दलाहून जास्त नको, या आपल्या जुन्या दामदुप्पटीच्या नियमावर ते आत्ता आले म्हणायचे.

नवीन पनवेलच्या मोठ्या दुकानातल्या ‘शून्य टक्के’ हप्त्याचं थोडक्यात सांगते. शून्य टक्के असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठे प्रोसेसिंग फीमध्ये लपतं, कुठे रोखीवर मिळणाऱ्या सवलतीत. आणि हप्ता बाउन्स झाला तर दंड वेगळा. पण तिथे निदान कागद असतो. ऑक्टोबर 2024 पासून बँका नि फायनान्स कंपन्यांनी अशा कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायलाच हवं, तुला कळेल अशा भाषेत, सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती ते लिहून. मराठीत माग. लाजू नकोस.

आता तुझ्या चार कार्डांकडे येऊ. सगळे मिळून आठवड्याला साडेपाचशे जातात म्हणतेस. तू मनात चाराने गुणतेस आणि महिन्याचे बावीसशे धरतेस. अगं, पण वर्षात रविवार बावन्न असतात, अठ्ठेचाळीस नाहीत. ज्या महिन्यात पाच रविवार येतात, त्या महिन्यात साडेसत्तावीसशे जातात. पगार महिन्याचा आणि देणं आठवड्याचं, म्हणून तुझा मेळ बसत नाही. तू काही उधळत नाहीयेस, त्या पाचव्या रविवारचा हा घोळ आहे. कॅलेंडरवर आत्ताच त्या महिन्यांवर खूण कर.

शेजारणीने सुचवलंय ना, की मायक्रोफायनान्सवाल्यांचं गटाचं कर्ज काढून हप्तेवाल्याला एकदम देऊन टाक? घाई करू नकोस. त्याचं व्याज आधीच किमतीत घातलेलं आहे, त्यामुळे लवकर फेडलंस म्हणून आपोआप काही वाचत नाही. उलट नव्या कर्जाचं व्याज वर बसेल. आधी त्याला विचार, ‘आज सगळी बाकी एकरकमी दिली तर किती सोडतोस?’ चांगली घसघशीत सूट देत असेल तर विचार करू. नाहीतर जसं ठरलंय तसं, वेळेवर देत राहा आणि कार्डं संपू दे. गटाचं कर्ज कधी घेतलंसच तर एवढं लक्षात ठेव: 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कर्जांत घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी नि संध्याकाळी सहानंतर फोन करून छळायचं नाही. आपल्या बायकांचा बचत गट असेल तर उत्तमच. तिथे शेकडा दोन रुपये व्याज दिलं तरी ते गटाच्याच पेटीत राहतं.

आणि नवऱ्याला आजच सांग. तो चिडेल, अर्धा तास तोंड फुगवेल, मग स्वतःच्या मोबाइलच्या हप्त्याची गोष्ट काढेल. चालायचंच. दोघांनी मिळून चारही कार्डांच्या मागे एकूण किंमत, दिलेले आणि बाकी असे तीन आकडे लिहा. दर रविवारी त्याची सही घेताना बाकीचा आकडाही त्याच्याकडून लिहून घे, आणि कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. मिक्सरचं पक्कं बिल माग, दुकानाच्या नावाचं. बिल नसलं की वॉरंटी नाही. दोन महिन्यांत तो खालचा रबरी कपलर झिजला की दुरुस्ती तुझ्या पदरची, आणि हप्ता चालूच.

एखाद्या रविवारी पैसे नसतील तर दार लावून बसू नकोस गं. बाळाला तोंडावर बोट ठेवून गप्प करायचं, हे मला मुळीच पटत नाही. दार उघड, सरळ सांग, ‘या वेळी खाडा पडतोय, पुढच्या रविवारी दोन्ही देते,’ आणि कार्डावर तसं लिहून घे. तो आवाज चढवायला लागला तर तूही चढव. घरात घुसून वस्तू उचलून न्यायचा त्याला काही हक्क नाही. तसं काही केलंच तर 112 फिरव.

प्रत्येक हप्ता वाईटच असतो असं मी म्हणत नाही. शिलाई मशीन घेतलंस आणि पहिल्या महिन्यापासून ब्लाउज शिवून चार पैसे आले, तर ते मशीन आपले हप्ते स्वतःच फेडतं. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर फ्रीजसाठी थांबता येत नाही. पण खुर्च्या थांबू शकतात. मिक्सरही थांबू शकला असता. तुझ्याकडे पाचशे होतेच, दर रविवारी दोनशे डब्यात टाकले असते तर तेरा आठवड्यांत रोख तीन हजार झाले असते. तेरा आठवडे चटणी शेजारणीकडे वाटून आणायची, तिला अधूनमधून वाटीभर द्यायची. त्याचे दीड हजार पडले बघ तुला.

कुकरचं कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय. ते शंभर रुपये मोकळे झाले की लगेच भिशीत नाहीतर पोस्टातल्या आवर्त ठेवीत घाल, हातात ठेवू नकोस. आणि तो या रविवारी नव्या पुरणयंत्राचा खोका घेऊन येणार, हे मी आत्ताच सांगते. खोका उघडू देऊ नकोस. पुरणयंत्र माझ्याकडे आहे, होळीला घेऊन जा.