आधी दाखला, मग योजना

प्रश्न : तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या सीएसआर निधीतून आमच्या संस्थेला छोटे अनुदान मिळाले आहे. कातकरी पाड्यांवर योजनांची नोंदणी कशी सुरू करावी?

उत्तर : मांडव, बॅनर, फोटो यांवर पैसा घालवू नका. घोडे अडते ते कागदांपाशी. आधार, रेशनकार्ड जमते. जातीचा दाखला मात्र चिवट, कारण ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि कातकऱ्यांकडे तो क्वचितच असतो. तिथे गृहचौकशीचा, म्हणजे अधिकाऱ्यांनी पाड्यावर येऊन चौकशी करण्याचा, आग्रह धरा. निम्मे अनुदान पाड्यावरच्याच एखाद्या तरुणाच्या मानधनाला आणि कचेरीच्या खेपांत बुडणाऱ्या मजुरीला ठेवा. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यातच कामे उरका. आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत कातकरी आहेतच. त्यासाठी डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कुटुंबांची यादी आधी द्या.