अखंड जोडणीचे शिक्षण : एका अभ्यासक्रमाची आखणी

भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना आठवतो. या कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. मधल्या चार वर्षांत यंत्रांबरोबर माणसेही घडवावी लागली. त्यासाठी अनेक भारतीय अभियंते सोव्हिएत कारखान्यांत जाऊन काम शिकले. येथे तयार होणारा रूळ बाहेर पडण्यापूर्वी श्रवणातीत ध्वनिलहरींनी तपासला जातो. कारखान्यात आढळलेल्या दोषापायी एक रूळ वाया जातो. तोच दोष लोहमार्गावर प्रकट झाला तर गाडीच धोक्यात येते.

संगणकाच्या प्रोग्रामांनाही हाच न्याय लागू पडतो. भिलाईच्या परिसरात आता २००५ साली स्थापन झालेले तंत्रविद्यापीठ आणि २०१६ साली सुरू झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील विद्यार्थ्यांना दोष वेळीच पकडण्याची ही शिस्त कशी शिकवावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जोडणी म्हणजे काय?

मोठा प्रोग्राम अनेकजण मिळून लिहितात. प्रत्येकाने महिनाभर स्वतंत्रपणे काम करून शेवटी सर्व भाग एकत्र आणले, तर ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि चूक कोठे आहे हे शोधण्यात आठवडे जातात. उलट, प्रत्येकाने आपला भाग रोज जोडला आणि प्रत्येक जोडणीनंतर संपूर्ण प्रोग्राम नव्याने बांधून तपासला, तर चूक त्याच दिवशी सापडते. यालाच ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’, म्हणजे अखंड जोडणी, असे म्हणतात. बांधणीच्या क्रियेला ‘बिल्ड’ असे नाव आहे.

बांधणीचे काम यंत्रावर सोपविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९७६ साली बेल प्रयोगशाळेत झाला. स्टुअर्ट फेल्डमन यांच्या ‘मेक’ या साधनाला कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे सांगून ठेवले, की बदल झालेला भाग तेवढाच ते पुन्हा बांधते. पुढे २००१ साली ‘क्रूझकंट्रोल’ हे साधन आले. त्यानंतर ‘हडसन’ आले, आणि त्याचेच रूप २०११ पासून ‘जेनकिन्स’ या नावाने प्रसिद्ध झाले. साधने अशी बदलत राहतात. म्हणून साधनापेक्षा सवय शिकविणे अधिक महत्त्वाचे होय.

पाच दिवसांची योजना

पहिल्या दिवशी कोणतेही साधन देऊ नये. विद्यार्थ्यांनी एक लहान प्रोग्राम हातानेच बांधावा, तपासावा आणि प्रत्येक पायरी फळ्यावर लिहावी. दुपारी तेच काम न पाहता पुन्हा करावे. कोणाची ना कोणाची एखादी पायरी सुटेलच. स्वयंचलनाची गरज तेथेच पटते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरील यादी ‘मेक’च्या फाइलीत उतरवावी आणि प्रोग्रामाबरोबर त्याच्या चाचण्याही लिहाव्यात.

तिसरा दिवस सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘गिट’च्या साहाय्याने चार-चार जणांचे गट करावेत. निम्म्या गटांनी तासातासाला जोडणी करावी व उरलेल्यांनी केवळ सायंकाळी. दोघांना लागलेला वेळ शेजारीशेजारी मांडला, म्हणजे वेगळे व्याख्यान देण्याचे कारण उरत नाही.

चौथ्या दिवशी जोडणी होताच ‘जेनकिन्स’ने आपोआप बांधणी करावी, अशी व्यवस्था करावी. नियम दोनच असावेत : बांधणी दहा मिनिटांत पूर्ण व्हावी, आणि ती मोडल्यास मोडणाऱ्याने हातातील काम बाजूला ठेवून प्रथम ती दुरुस्त करावी. मात्र मोडलेली बांधणी हा गुन्हा मानू नये. ज्याला लाज वाटते, तो आपले काम लपवून ठेवतो आणि जोडणी लांबवितो.

पाचव्या दिवशी तयार प्रोग्राम अनेक संगणकांवर पोहोचविण्याचा अभ्यास करावा. येथे एक घटना सांगण्याजोगी आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवा प्रोग्राम आठांपैकी सातच संगणकांवर चढविला गेला होता. आठव्यावरील जुना, वापरातून गेलेला भाग जागा झाला आणि सुमारे पाऊण तासात कंपनीचे चाळीस कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. एक प्रत राहून गेली आणि ती राहिल्याचे कोणाच्याही लक्षात आले नाही. विद्यार्थ्यांनी आठ संगणकांची नक्कल करून हीच चूक घडवावी आणि ती आपोआप उघडकीस येईल अशी तपासणी लिहावी.

परीक्षा

या विषयाची परीक्षा प्रश्नपत्रिकेने घेऊ नये. शिक्षकाने चालत्या प्रोग्रामात एक दोष गुपचूप ठेवावा. जो विद्यार्थी आधी तो दोष दाखविणारी चाचणी लिहितो आणि नंतर दुरुस्ती करतो, त्याला विषय समजला असे मानावे. केवळ दुरुस्ती करणाऱ्याचे काम अर्धेच झाले. कारण तो दोष उद्या परत आल्यास त्याची वर्दी देणारे तेथे काहीच नसेल.