कुंडी बदलली आणि मिरची कोमेजली

प्रश्न : खिडकीतली मिरचीची रोपं मोठ्या कुंडीत हलवली. निम्मी माती, निम्मं कोंबडीखत घातलं. चार दिवसांत पानांची टोकं करपली, रोपं माना टाकू लागली. थोडा युरिया देऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : युरिया अजिबात नको. रोपं उपाशी नाहीत, त्यांना खत जास्त झालंय. कोंबडीखतात नत्र आणि क्षार भरपूर असतात; ते नीट कुजलेलं नसेल तर अमोनियाही सुटतो. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं, म्हणून माती ओली असूनही पानं सुकतात. नुसता कुंडीबदलाचा धक्का असता तर रोपं मलूल झाली असती, पण टोकं सहसा अशी करपत नाहीत.

कुंडीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश ओता, खालून वाहू द्या, बशीत साचलेलं फेका. एवढ्या पाण्याने मुळं कुजतील ही शंका रास्तच. पण धोका पाणी साचण्यात आहे, वाहून जाण्यात नाही. म्हणून हे एकदाच करा आणि वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नका. मातीला उग्र वास येत असेल किंवा पाणी निचरतच नसेल, तर मात्र माती-कोकोपीटच्या साध्या मिश्रणात, मुळांभोवतीचा गोळा शक्यतो न फोडता, रोप हलवा. मुळांना पुन्हा थोडा त्रास होईल, पण खतात राहण्याइतका नाही. आठवडाभर कडक ऊन टाळा, महिनाभर खत बंद. करपलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत. सुधारणा नव्या पानांत दिसेल.