खनिजशोधापूर्वी पांढरीचे वाचन

गोदाकाठच्या गावांत जमिनीला दोन नावे आहेत: कसावयाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. मातीची घरे एकाच जागी उभी राहिली, पडली, त्यांवर नवी उठली. चुलीची राख व खापरे साचत भूमी उंचावली आणि पांढुरकी झाली. गाव उठून गेले तरी पांढरी मागे राहते. माळवदावर घालण्यासाठी तिची माती टोपलीने नेण्याची रीत मराठवाड्यात जुनीच आहे. परंतु जे टोपलीने शंभर वर्षांत झाले नाही, ते यंत्र एका दुपारी करून जाते.

गंगाखेड परिसरात सोन्याचांदीचा शोध नाही. येथे मागणी आहे ती वाळू, मुरूम व खडीची. म्हणून वारशाचा प्रश्न येथे उद्भवत नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, तेव्हा प्रवरेच्या गोट्यावाळूच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे आढळली आणि काठावरील टेकाडात ताम्रपाषाणयुगापासून सातवाहनकाळापर्यंतच्या वस्तीचे थर. ती प्रवरा पुढे गोदावरीसच मिळते. नदीची वाळू ही केवळ वाळू नसते.

खनिजाच्या प्राथमिक शोधास पूर्वेक्षण म्हणतात. त्यातील बोअरचे छिद्र वीतभरही रुंद नसते, यामुळे हानी क्षुल्लक वाटते. वास्तविक घात करतो तो यंत्र नेण्यासाठी काढलेला रस्ता आणि सपाट केलेली जागा. कायद्याचे संरक्षणही अपुरे आहे. १९९२ च्या अधिसूचनेनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत खाणकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहे. मात्र जी पांढरी कोणी घोषितच केली नाही, तिला हे अंतर लागू होत नाही. शिवाय पर्यावरणीय मंजुरीच्या नियमांतून पूर्वेक्षणास सूट आहे. म्हणजे मूल्यांकन मागितले जाते तेव्हा रस्ता होऊन गेलेला असतो.

अफगाणिस्तानातील मेस आयनाक येथे हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तांब्याच्या खाणीचा करार २००८ साली झाला. बौद्ध विहारांचे व्यापक उत्खनन त्यानंतर घाईने सुरू झाले. तेथील प्राचीन वस्ती स्वतः तांबे गाळून जगत होती, हे लक्षात घेतले तर खनिज आणि विहार हे शत्रू नव्हेत. क्रम तेवढा चुकला.

क्रम सुधारणे अवघड नाही. गावनकाशावर ओसाड वस्त्यांची नावे शोधावी, वडीलधाऱ्यांना विचारावे. पहिल्या पावसानंतर शिवार ओळीने चालावे, कारण माती धुपून खापरे वर येतात. तांबडी-काळी खापरे, मणी, जुन्या विटा, राखेचे पट्टे दिसतील तेथे गट क्रमांकासह नोंद करावी; वस्तू उचलू नये. उचललेले खापर घराची शोभा होते, पुरावा राहत नाही. खणून पाहण्याचा मोहही आवरावा. ते परवानाधारक पुरातत्त्वज्ञांचे काम आहे. टेकाडाची सीमा एकदा आखली की बोअरची जागा व रस्ता सहसा थोड्या अंतराने सरकवता येतो.

वाळूघाटांच्या लिलावापूर्वी जिल्हा सर्वेक्षण अहवाल सिद्ध होतो. त्याचा मसुदा २१ दिवस लोकांसाठी खुला ठेवावा, अशी २०१६ च्या अधिसूचनेची तरतूद आहे. आपल्या वसतिगृहातील मुले पन्नासेक गावांतून येतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या पांढरीची नोंद त्या मुदतीत जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.