आधी निदान, मग पाना : एका जुन्या जीटीओ गाडीचा पाठ



मुलाचा भागाकार चुकतो, म्हणून आपण त्याला भागाकाराचीच आणखी पन्नास उदाहरणे देतो. प्रत्यक्षात त्याचा घोटाळा होत असतो वजाबाकीत, दशक उसना घेताना. ‘निदानात्मक चाचणी’ आणि ‘उपचारात्मक अध्यापन’ हे शब्द आपण डी.एड.ला पाठ केले. पण निदान म्हणजे नेमकं काय, हे मुलांना आणि पालकांना समजावायचं तर एखादं यंत्र समोर ठेवलेलं बरं. आजच्या पाठात ते यंत्र आहे एक जुनी अमेरिकन गाडी. सहावी-सातवीच्या विज्ञान आणि गणिताला हा पाठ जोडून घेता येईल.

गाडीची ओळख

१९६४ साली अमेरिकेतल्या पॉन्टियाक कंपनीने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवून द्यायला सुरुवात केली. या प्रकाराला नाव दिलं जीटीओ. जॉन डिलोरियन तेव्हा पॉन्टियाकचे मुख्य अभियंता होते. इंजिन ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं. मुलांना सांगताना असं सांगा की मारुती ८०० ची आठ इंजिनं एकत्र केली की एवढं माप होतं! मध्यम आकार, आटोपशीर किंमत आणि दांडगं इंजिन अशा गाड्यांना पुढे ‘मसल कार’ म्हणू लागले. १९६६ च्या जीटीओचं साधं इंजिनसुद्धा ३३५ अश्वशक्तीचं होतं. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच.

आता समजा, अशी १९६६ ची जीटीओ दुरुस्तीला आली आहे. मालक म्हणतो, “चालू होते, पण मिसिंग मारते. कार्ब्युरेटर बदलून टाका.”

इथेच थांबायचं. ‘मिसिंग मारते’ हे झालं लक्षण. ‘कार्ब्युरेटर खराब आहे’ हा मालकाचा अंदाज. वहीत दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे.

मिसिंग कुठून येतं?

पेट्रोल इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब. यातली एक जरी कमी पडली तरी तो सिलिंडर काम करत नाही. म्हणून तिन्ही तपासायच्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, पॉइंट आणि कार्ब्युरेटर एकाच दिवशी बदलले आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळतच नाही.

स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडले की बरंच कळतं. प्लगवर कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओला, तेलकट प्लग असेल तर इंजिन ऑईल आत येतंय. धुराचंही तसंच : काळा धूर जादा पेट्रोलचा, निळसर धूर ऑईलचा, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचं पाणी जळत असण्याचा संशय.

मग दाबाची चाचणी. सगळे प्लग काढायचे, एका-एका सिलिंडरला मीटर लावायचा आणि सेल्फ मारायचा. समजा, आपल्या गाडीचे आकडे (पीएसआयमध्ये) असे आले :

१ – १६०, २ – १५५, ३ – ९५, ४ – १६०, ५ – ९०, ६ – १५०, ७ – १५५, ८ – १६०.

मेकॅनिक लोकांचा एक ढोबळ नियम आहे : सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. १६० चे ७५ टक्के म्हणजे १२०. तीन आणि पाच नंबर नापास!

आता या दोन सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टन रिंग झिजलेल्या. चढला नाही, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. पॉन्टियाकच्या या इंजिनात १, ३, ५, ७ हे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूच्या रांगेत असतात. म्हणजे ३ आणि ५ शेजारी-शेजारी. दोन शेजारी एकदम कमकुवत झाले आणि ऑईल टाकूनही चढले नाहीत, तर पहिला संशय त्यांच्या मधल्या गॅस्केटवर. नवा कार्ब्युरेटर आणला असता तर पैसे गेले असते आणि मिसिंग तसंच राहिलं असतं.

रंगाखाली काय दडलंय?

इथे प्राथमिकच्या मुलांचं लोहचुंबक उपयोगी पडतं. चुंबकाला मऊ कापड गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली जाड पुट्टी भरलेली आहे. या गाड्यांचा मागच्या काचेखालचा भाग हमखास गंजतो, आणि तिथून झिरपलेलं पाणी डिकीच्या तळाशी साचतं. काचेखालची गळती न थांबवता डिकीला नवा पत्रा मारला, तर तोही सडणार. दुखणं एका ठिकाणी, कारण दुसऱ्या ठिकाणी.

कामाचा क्रम

निदान झालं की आराखडा. तो असा :

१. ब्रेक, पेट्रोलच्या नळ्या, स्टेअरिंग, टायर. १९६६ च्या जीटीओत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जाऊ शकतात. १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी रचना आली. ३३५ अश्वशक्तीच्या गाडीला आधी थांबता आलं पाहिजे, पळायचं नंतर.
२. चॅसी आणि तळाचा पत्रा. सगळा भार यांच्यावरच.
३. इंजिन आणि कूलिंग. आपल्या उदाहरणात हेड उघडून गॅस्केट. उघडल्यावर हेड सपाट आहे का, हेही तपासायचं. नाहीतर नवं गॅस्केटही टिकणार नाही.
४. वायरिंग.
५. रंग आणि सीट कव्हर, सगळ्यांत शेवटी.

पुष्कळांना पाचव्या पायरीपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण तीच लोकांना दिसते. आपणही कधी कधी वही सुंदर दिसावी म्हणून धडपडतो आणि वाचन कच्चं राहतं. तसलाच हा प्रकार.

वर्गात काय घ्याल?

• वरचे आकडे फळ्यावर लिहून स्तंभालेख काढून घ्या आणि ७५ टक्क्यांची रेषा आखायला सांगा.
• ‘लक्षण – तपासणी – कारण – उपाय’ असे चार रकाने करून सायकलची पडणारी चेन किंवा घरातला गळका नळ मुलांना मांडायला लावा.
• एका वस्तूवर पुट्टीचा थर देऊन चुंबकाचा प्रयोग दाखवा.
• इंजिनवरच्या चाचण्या मात्र मेकॅनिकनेच करायच्या. मुलांनी फक्त आकडे वाचायचे.

आणि पालकहो, निकालपत्रकात गणिताला कमी गुण दिसले की लगेच शिकवणी लावण्याआधी मुलाची वही उघडून बघा. पहिली चूक कोणत्या पायरीवर झाली, ती शोधा. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची.