एका बोटाचा हिशोब

थर्ड इयरची परीक्षा संपली की इनप्लांट ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटसाठी आपली जी धावपळ होते ती वेगळी सांगायला नको. मीसुद्धा ओळखीने गावाजवळच्या एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये चिकटलो. चार पॉवर प्रेस आणि सगळी मिळून आठ माणसे, एवढाच पसारा. तिथल्या एका प्रेसवर चोवीस वर्षांचा एक ऑपरेटर होता. मी त्याला दादा म्हणायचो. डबा खाताना तो मला डाय कशी सेट करायची ते शिकवायचा.

प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम खाली येतो, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात डायच्या बाहेरच राहतात. दादाच्या प्रेसवरचे डावे बटण लाकडी पाचर मारून, वर टेप गुंडाळून कायमचे दाबून ठेवलेले होते. एका हाताने जॉब लावायचा, दुसऱ्याने बटण मारायचे, प्रॉडक्शन वाढते! हे सुपरवायझरने करायला लावले होते आणि मी ते पहिल्याच दिवशी पाहिले होते. पाहून काय केले? 'काय जुगाड आहे' म्हणून हसलो.

तिसऱ्या आठवड्यात त्या प्रेसखाली दादाच्या हाताची तर्जनी मुळापासून गेली.

त्याला दवाखान्यात नेले. संध्याकाळी सुपरवायझर म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, रजिस्टरमध्ये तू लिही." त्यांनी सांगितले तसे मी लिहिले: 'कामगाराने स्वतः सेफ्टी बटण बांधून ठेवल्यामुळे व त्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.' आठ दिवसांनी दादाला पंधरा हजार रुपये मिळाले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर त्याची सही घेतली गेली. मालकाने दवाखान्याचे बिलही भरले, त्यामुळे मालक चांगलाच आहे असे आम्हा सगळ्यांना वाटले.

पुढे होस्टेलवर रूम पार्टनरचे मामा आले होते. ते कामगार न्यायालयात वकिली करतात. गप्पांच्या ओघात मी ही हकिकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ते वाक्य कोणी लिहिलं?"

त्या रात्री मामांनी जे समजावले आणि नंतर मी लायब्ररीत बसून जे वाचले, ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून इथे देतो.

कायदा कुठून आला?

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सरकारकडे मागण्यांचा अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आपण होस्टेलवर रविवारी दहापर्यंत लोळतो, त्या रविवारच्या सुट्टीची मागणी याच अर्जातली. त्याच अर्जात असेही होते की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ साल उजाडले. २०१० मध्ये त्याचे नाव 'कर्मचारी भरपाई अधिनियम' झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' लागू झाली आणि भरपाईची तरतूद आता तिच्यात आहे. मूळ तत्त्वे तीच राहिली आहेत.

चूक कोणाची?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. भरपाई मिळण्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढे पुरते. कामगाराचे लक्ष नव्हते, तो दमला होता, घाईत होता, यामुळे त्याचा हक्क जात नाही. म्हणजे 'निष्काळजीपणा' या शब्दाने दादाचे काही बिघडत नव्हते.

बिघडत होते ते माझ्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाने! मालकाला सुटका मिळते ती मोजक्या कारणांनी: कामगार दारू किंवा नशेत होता, त्याने सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम किंवा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले आणि त्यामुळेच इजा झाली. (मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ही कारणेसुद्धा चालत नाहीत.) दादाचे अपंगत्व अंशतः होते. 'स्वतः बटण बांधले' हे माझ्या सुवाच्य अक्षरातले तीन शब्द त्याची भरपाई शून्यावर आणू शकत होते.

'कामाच्या ओघात' म्हणजे केवळ मशीनसमोर असे नाही. बेस्टचा एक ड्रायव्हर ड्यूटी संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना अपघातात गेला. बेस्टचे म्हणणे होते की त्याचे काम तर संपले होते. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीच्या बाजूने निकाल दिला. नव्या संहितेत तर घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, स्पष्टपणे धरला आहे.

हिशोब कसा करतात?

आपण इंजिनिअर, तेव्हा गणित करूनच पाहू. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मासिक मजुरीच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के धरतात. गुणकाचा तक्ता कायद्यातच आहे. २४ व्या वर्षी तो २१८.४७ आहे, ४० व्या वर्षी १८४.१७ आणि ५० व्या वर्षी १५३.०९. अंशतः अपंगत्वासाठी अवयवांचे टक्के ठरलेले आहेत: अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, पूर्ण मधले बोट १२.

दादाची मजुरी महिना १२,००० रुपये.
१२,००० चे ६० टक्के = ७,२००
७,२०० × २१८.४७ = १५,७२,९८४
त्याचे १४ टक्के = २,२०,२१८ रुपये (पैसे पूर्ण करून).

आणि त्याच्या हातात पडले पंधरा हजार!

हे टक्केसुद्धा शेवटचा शब्द नव्हेत. एका सुताराचा डावा हात कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून डिसेंबर १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते शंभर टक्के धरले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, हेही त्याच निकालात सांगितले.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा.

१) हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे रद्द असतो. दादाच्या सहीला घाबरण्याचे कारण नव्हते.
२) माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला जबाबदारी झटकता येत नाही. त्याने भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी.
३) रक्कम महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.
४) दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करायचा. पूर्वी तो आयुक्तांकडे असे, नव्या संहितेत 'सक्षम प्राधिकारी' असा शब्द आहे.
५) औषधोपचाराचा खर्च वेगळा. तो भरपाईतून कापता येत नाही.
६) कामगार ईएसआयमध्ये असेल तर भरपाई मालकाकडून नव्हे, ईएसआयकडून मिळते. कामावरच्या इजेसाठी तिथे किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. आमच्या शॉपमध्ये आठच माणसे, त्यामुळे ईएसआय नव्हते.
७) आपल्यापैकी जे अप्रेंटिस कायद्याखाली ट्रेनी म्हणून लागतील, त्यांनाही प्रशिक्षणातल्या इजेची भरपाई मिळण्याची तरतूद १९६१ च्या त्या कायद्यात आहे.

पुढे काय झाले? मी रविवारी दादाच्या घरी गेलो. हिशोबाचा कागद दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रजिस्टरमध्ये तूच लिहिलंस ना?" मी हो म्हणालो. त्याच्या आईने चहा आणला. तो पिणे मला जड गेले.

त्यानंतर बटण कोणी बांधायला लावले, मी ते कधी पाहिले आणि रजिस्टरमधले वाक्य कोणी सांगितले, हे सगळे तारखेनिशी लिहून, सही करून मी मामांकडे दिले. दादाने दावा लावला आहे, निकाल अजून यायचा आहे. मला ट्रेनिंगचे सर्टिफिकेट मिळाले नाही. ते दुसरीकडे पुन्हा करावे लागले. असो.

मित्रहो, दोन-तीन वर्षांत आपण सगळे कुठल्या ना कुठल्या शॉप फ्लोअरवर किंवा साईटवर असू. ते रजिस्टर लिहायचे काम आपल्याकडेच येणार आहे. तेव्हा एवढेच करा: जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा, दुसऱ्याने सांगितलेले स्वतःच्या अक्षरात उतरवू नका. आणि बटणाला पाचर दिसली तर हसू नका, त्याच दिवशी काढायला लावा. मी ती पहिल्या दिवशी काढायला लावली असती, तर हा हिशोब करावाच लागला नसता.